कुणाचीच नसलेली खुर्ची : हायब्रिड कर्मचाऱ्यांसाठी सुखाचं ऑफिस कसं मांडावं

जुन्या ऑफिसात माणूस आपली जागा हळूहळू घडवत असे. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, बसायला घरून आणलेली उशी, टेबलाखाली पाय टेकायला वीट, मॉनिटरखाली दोन जाडजूड डिरेक्टऱ्या, खणात डोकेदुखीची गोळी आणि चिवड्याचा डबा. एसीचा झोत मानेवर येत असेल तर कुणीतरी जाळीवर पुठ्ठा चिकटवून टाकलेला असे. फर्निचर कसंही मिळालेलं असो, वर्षभरात ती जागा त्या माणसाच्या अंगाला बेतली जाई.

हायब्रिड पद्धतीत, म्हणजे काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून काम करताना, ठरलेली जागा राहत नाही आणि ही सोय गेली. मंगळवारी ज्या खुर्चीत पाच फूट उंचीची मुलगी बसली, त्याच खुर्चीत बुधवारी सहा फुटी माणूस बसतो. आता उशी ठेवायची कुठे आणि वीट कुणाच्या टेबलाखाली? म्हणून अशा ऑफिसची मांडणी करताना मी एकच कसोटी धरून चालते : त्या जागेवर आधी कधीच न बसलेल्या माणसाला, कुणालाही न विचारता, पाच मिनिटांत ती जागा आपल्या मापाची करून घेता आली पाहिजे. भिंतीचे रंग, कुंड्या, कंपनीची बोधवाक्यं यांचा विचार त्यानंतर.

मी पुण्यात लहान-मध्यम कंपन्यांच्या ऑफिसांची मांडणी करते. पुढे जे सांगते आहे ते समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. बाणेर किंवा खराडीतली एखादी कंपनी, ६० कर्मचारी, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर, ४,००० चौरस फूट कार्पेट जागा.

आधी चार आठवडे नुसतं मोजा

सुताराला बोलावण्याआधी वहीपेन घ्या. बहुतेक ठिकाणी हिशेब असा होतो : ६० माणसं, पाचपैकी तीन दिवस, म्हणजे रोज सरासरी ३६ माणसं, म्हणून ३६ टेबलं. हा हिशेब कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चुकीचा, कारण माणसं सरासरीने येत नाहीत. समजा दारावरच्या कार्डाची नोंद सांगते : सोमवारी २४, मंगळवारी ४२, बुधवारी ४७, गुरुवारी ४१, शुक्रवारी २६. बेरीज १८०, म्हणजे सरासरी ३६ च. पण ३६ टेबलं केलीत तर दर बुधवारी ११ जण लॅपटॉप हातात धरून जागा शोधत फिरणार. दीड तासाचा प्रवास करून आलेल्या माणसाला बसायला जागा नसणं यासारखं मन खट्टू करणारं दुसरं काही नाही.

म्हणून सर्वांत गर्दीच्या दिवसाचा आकडा धरा. आणि त्या दिवशी सकाळी ११ वाजता आणि दुपारी ३ वाजता स्वतः एक फेरी मारून प्रत्यक्ष टेबलावर किती जण आहेत आणि मीटिंगमध्ये किती, हे टिपा. ४७ पैकी पाच-सहा जण नेहमी मीटिंगमध्ये असतील, तर ४२ पूर्ण टेबलं आणि शिवाय दहा-एक जणांना तासभर नीट बसता येईल अशा इतर जागा पुरतात. दोन टीमनी आपसांत ठरवून एकीने बुधवारऐवजी सोमवार धरला, तर आणखी चार-पाच टेबलं वाचतात. हे बोलणं फर्निचरची ऑर्डर देण्याआधी व्हायला हवं.

मोजणीचे आठवडे निवडताना गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, मे महिन्यातल्या सुट्ट्या आणि धो-धो पावसाचे दिवस टाळा. त्या दिवसांचे आकडे काहीच सांगत नाहीत.

मोजणीबरोबर प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. ऑफिसला आल्यावर घरापेक्षा काय बरं मिळतं? कोणतं काम असलं की घरीच थांबावंसं वाटतं? आणि दिवसातले किती तास कॉलवर जातात? उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. हायब्रिड ऑफिस म्हणजे फक्त एकत्र बसून गप्पा-चर्चा करायची जागा, असं मानून अनेक जण टेबलं काढून सोफे टाकतात. पण पुण्यात दोन खोल्यांत चौघं मिळून राहणारी मुलंमुली कितीतरी आहेत. पलंगावर बसून काम करून त्यांची पाठ गेलेली असते आणि ती ऑफिसला येतात ती खुर्चीसाठी. घरी लहान मूल असलेली आई शांततेसाठी येते. काही जण खरोखर माणसांसाठी येतात. तुमच्या ऑफिसात कोण कशासाठी येतं हे कळल्याशिवाय एकही सोफा घेऊ नका.

जागा वाचा

रिकाम्या जागेचा नकाशा काढून त्याच्या तीन प्रती करा. सकाळी ११, दुपारी २ आणि संध्याकाळी ४.३० वाजता फिरून प्रत्येक प्रतीवर खुणा करा : ऊन कुठे येतं, एसीचा झोत कुठे पडतो, लिफ्टचा, रस्त्याचा, पँट्रीचा आवाज कुठपर्यंत पोचतो, मोबाइलची रेंज कुठे जाते. पश्चिमेची काच असेल तर एप्रिलमधल्या साडेचारला तिथे बसून बघाच. चित्र काढून दाखवताना ती खिडकीची जागा सगळ्यांना हवी असते, आणि ऑफिस सुरू झाल्यावर दुपारनंतर तिथे कुणी बसत नाही.

या खुणांवरून जागेची विभागणी जवळजवळ आपोआप होते. दाराजवळ आणि पँट्रीजवळ बोलणाऱ्या टीम, दारापासून सर्वांत लांब शांत कामाची जागा, आणि दोन्हींच्या मध्ये कपाटं, लॉकर, प्रिंटर. कपाटांची रांग आवाजही अडवते आणि इथून पुढे हळू बोलायचं हे न सांगता कळवते.

खुर्ची, टेबल, स्क्रीन

पैसे कमी असतील तर आधी खुर्चीवर खर्च करा, आणि सगळ्या खुर्च्या एकाच मॉडेलच्या घ्या. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. पाच तऱ्हेच्या खुर्च्या असल्या की चांगल्या दोन-तीन पकडायला माणसं लवकर येऊन बॅग ठेवून जातात, आणि बाकीच्यांना रोज नवा खटका शोधावा लागतो. एकच मॉडेल असलं की आठवड्याभरात हात न बघता योग्य खटक्यावर जातो.

खुर्चीत चार गोष्टी बदलता यायला हव्यात : उंची, बैठकीची खोली, कंबरेच्या आधाराची उंची आणि हातांची उंची. बैठकीच्या खोलीकडे सहसा कुणी बघत नाही. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. ते राहिलं नाही तर बुटका माणूस पुढे सरकून बसतो, पाठ टेकत नाही, आणि मग कंबरेचा आधार कितीही महागाचा असला तरी फुकट. विक्रेत्याकडून नमुन्याची एक खुर्ची मागून घ्या आणि ऑफिसातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंचीच्या माणसाला त्यावर पूर्ण एकेक दिवस बसवा. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून काही कळत नाही.

आता टेबल. आपल्याकडे सुतार सवयीने ७५ सेंमी उंचीचं टेबल करतो. पाच फूट उंचीची व्यक्ती पाय जमिनीला टेकवून बसली तर तिचं कोपर साधारण ६० ते ६४ सेंमीवर येतं. म्हणजे टेबल तिच्यासाठी किमान १० सेंमी उंच. मग ती एकतर खांदे उचलून टाइप करते, नाहीतर खुर्ची वर घेते आणि पाय अधांतरी राहतात. संध्याकाळी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात त्या यामुळे. सगळी टेबलं बदलण्याची ऐपत नसेल तर दोन गोष्टी करा. नवी टेबलं ७२ सेंमीची करून घ्या, आणि प्रत्येक टेबलाखाली पाय ठेवायला उतरता पाट द्या. फर्निचरच्या कामातून उरलेल्या प्लायमधून सुतार तो सहज करून देतो. पुढची कड ७-८ सेंमी, मागची १२ च्या आसपास, वर रबरी पट्टी. इतक्या कमी पैशांत इतकं सुख देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

वर-खाली होणारी विजेवरची टेबलं घेणार असाल तर ती किती वर जातात यापेक्षा किती खाली येतात ते विचारा. स्वस्त टेबलांचे पाय दोन टप्प्यांचे असतात आणि ती ७० सेंमीच्या आसपास थांबतात. तीन टप्प्यांची ६०-६२ पर्यंत उतरतात. सगळीच तशी घ्यायची गरज नाही. दहातलं एक टेबल तसं असलं तरी पाठदुखीवाल्यांची, गरोदर बाईची आणि व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याची सोय होते.

लॅपटॉपमध्ये एक मूळची अडचण आहे. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. हात बरोबर उंचीवर आले की मान खाली जाते, मान सरळ केली की हात वर जातात. त्यामुळे प्रत्येक पूर्ण टेबलावर वेगळा मॉनिटर हवा, आणि तो हलत्या आर्मवर हवा. स्क्रीनची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा लावणाऱ्यांना स्क्रीन आणखी खाली लागतो, नाहीतर ते दिवसभर हनुवटी वर करून बसतात. जोडणी टाइप-सीच्या एकाच केबलने असावी, जिच्यातून चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. बॅगेतून चार्जर काढणं, टेबलाखाली वाकून सॉकेट शोधणं, जुना अडॅप्टर कुणाकडे आहे विचारणं, यात ती पाच मिनिटं संपून जातात. कीबोर्ड-माउस मात्र ज्याचा त्याने आपला ठेवलेला बरा. स्वच्छतेसाठीही आणि सवयीसाठीही.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लहान सचित्र कार्ड चिकटवा, क्रमाने : आधी पाय, मग कंबर, मग कोपर, शेवटी नजर. खालून वर. हाच क्रम का, तर आधी स्क्रीन लावला आणि मग खुर्चीची उंची बदलली की स्क्रीन पुन्हा लावावा लागतो. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून दोन-तीन जणांना नव्या टेबलावर बसवून बघा.

आवाज : इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

मला आजवर ऐकायला आलेल्या तक्रारींमध्ये खुर्चीनंतर सर्वांत जास्त तक्रारी आवाजाच्या आहेत, आणि त्यावर खर्च मात्र सर्वांत शेवटी, पैसे उरले तर होतो.

हायब्रिड ऑफिसचा आवाज जुन्या ऑफिसपेक्षा वेगळा असतो. कोणत्याही दिवशी टीममधलं कुणी ना कुणी घरी असतंच, त्यामुळे ऑफिसात बसलेली माणसंसुद्धा दिवसाचे कितीतरी तास कॉलवर असतात. हेडफोन लावलेला माणूस नकळत मोठ्याने बोलतो. आणि शेजाऱ्याचं चित्त मोडतं ते आवाज मोठा आहे म्हणून कमी आणि शब्द कळतात म्हणून जास्त. पंख्याची घरघर दिवसभर चालते, पण शेजारचा कुणी ‘अहो, ते बिल अजून पास झालेलं नाही’ म्हणाला की आपला मेंदू ते ऐकतोच. म्हणून प्रयत्न शब्द अडवण्याचा हवा.

पहिलं काम, बारा जणांची मोठी कॉन्फरन्स रूम असेल तर तिच्यात दिवसाला किती माणसं बसतात ते बघा. बहुतेक वेळा आत एकटा माणूस कॉलवर असतो. त्या खोलीचे दोन-तीन भाग केले तर ऑफिसचं रूप बदलतं. चार जणांची एक खोली आणि एकेकट्याच्या कॉलसाठी दोन केबिनी निघतात.

एकट्याच्या केबिनीला लोक फोन बूथ म्हणतात. माझा ठोकताळा हजर आठ जणांमागे एक असा आहे. आपल्या ४७ च्या बुधवारसाठी सहा. एकदम सहा करू नका, दोन करा आणि दोन आठवडे बघा. आतलं माप किमान १ मीटर बाय १.२ मीटर असावं. दोन प्लायच्या मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलेली भिंत, दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी, समोर काच, म्हणजे आत कोण आहे ते दिसतं. दिवा डोक्यावर न लावता चेहऱ्यासमोर लावा, नाहीतर कॉलवर डोळ्यांखाली सावल्या दिसतात. आणि हवा! आवाज अडवण्यासाठी बूथ इतका घट्ट बंद करतात की वीस मिनिटांत आत घुसमटायला होतं. छोटा, कमी आवाजाचा एक्झॉस्ट पंखा आणि हवा आत यायला वळणाची वाट हे दोन्ही लागतात. पुण्याच्या मे महिन्यात या दोहोंविना बूथ म्हणजे सामान ठेवायची खोली. बूथला छत असतं, त्यामुळे वरच्या स्प्रिंकलरचं पाणी आणि धूर ओळखणारं यंत्र दोन्ही अडतात. इमारतीच्या अग्निसुरक्षेच्या माणसाला आधी दाखवा, आणि बाहेर पडायच्या वाटेवर बूथ कधीच ठेवू नका.

दुसरी गोष्ट भिंतींची. एका कंपनीत एचआरच्या केबिनीतलं सगळं बोलणं शेजारच्या टेबलांवर ऐकू येत होतं. पगाराचं, रजेचं, कुणाच्या आजारपणाचं. भिंत जाड होती, दारही चांगलं होतं. पण जिप्समची ती भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबली होती. वरच्या पोकळीतून आवाज सरळ पलीकडे उतरत होता. ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्या काळात किती जणांनी मोकळेपणाने बोलणं टाळलं असेल याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ठेकेदाराच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने लिहिते : बोलण्याच्या खोल्यांच्या भिंती स्लॅबपर्यंत.

तिसरी गोष्ट घुमण्याची. सीलिंग काढून उघडं काँक्रीट आणि पाइप दाखवायची पद्धत आहे. दिसायला ते छान दिसतं. पण मोकळ्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट फुटत असेल, तर ४० माणसांच्या बोलण्याचं तिथे काय होईल ते समजून घ्या. छतावर मिनरल फायबरच्या टाइल्स किंवा लोंबत्या फेल्टच्या पट्ट्या, एका भिंतीला सॉफ्टबोर्ड, शांत भागात कार्पेट टाइल्स. गालिचा सलग अंथरू नका. पावसाळ्यात ओल धरतो आणि वास मारतो. टाइल असली की ओली झालेली तेवढी उचलून वाळवता येते. काचेच्या केबिनीत निदान दोन लगतच्या भिंतींवर काहीतरी मऊ हवं. समोरासमोरच्या दोन काचा असल्या की बोलणं त्यांच्यामध्ये आपटत राहतं आणि घरून ऐकणाऱ्याला माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं.

घरी बसलेल्या माणसासाठीही खोली असते

मीटिंगची खोली मांडताना आपण आत बसलेल्यांचा विचार करतो. हायब्रिडमध्ये त्या मीटिंगला एक माणूस नाशिकहून, एक कोल्हापूरहून हजर असतो. त्याला लांबट टेबलाच्या टोकाला ठिपक्याएवढे चेहरे दिसतात, आणि विनोदावर सगळे हसले की ते का हसले हे त्याला कळत नाही.

टेबल स्क्रीनकडे रुंद आणि लांब जाताना अरुंद असं करा, म्हणजे कुणाचा चेहरा शेजाऱ्याच्या मागे लपत नाही. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, स्क्रीनच्या लगेच खाली किंवा वर. छताजवळ लावलेला कॅमेरा फक्त टाळू दाखवतो. बसणाऱ्यांच्या पाठीमागे उघडी खिडकी नको. चेहरे काळे पडतात. माइक बोलणाऱ्यापासून दोन मीटरच्या आत हवा. मोठ्या खोलीत एक पुरत नाही. खोली ताब्यात घेण्याआधी एका सहकाऱ्याला त्याच्या घरी बसवा, खोलीतल्या सर्वांत लांबच्या खुर्चीवरून हळू आवाजात आकडे वाचा आणि त्याला लिहून घ्यायला सांगा. एक आकडा जरी चुकला तरी ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवा.

हवा, गारवा, उजेड

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. दुपारी तीनला सगळे जांभया देतात त्याचं खापर जेवणावर फुटतं. कार्बन डायऑक्साइड मोजणारं लहान यंत्र टेबलावर ठेवून बघा. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग, असतो. गर्दीच्या दिवशी आत १,००० च्या वर जात असेल तर ताजी हवा कमी पडते आहे. उघडणाऱ्या खिडक्या असतील तर सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत वीस-वीस मिनिटं उघडा, नसतील तर हवा आत ढकलणारा गाळणीचा पंखा बसवून घ्या. सगळे मंगळवार-बुधवारी येत असल्याने सोमवारी मोजून उपयोग नाही.

एसीच्या तापमानावरून होणारी भांडणं २० आणि २६ च्या मध्ये कुठेतरी मिटतात, पण खरं उत्तर छताच्या पंख्यात आहे. एसी २५-२६ वर आणि पंखा हळू, हे बहुतेकांना मानवतं आणि वीजही वाचते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशभरातल्या ऑफिसांचा अभ्यास करून २०१४ मध्ये इमॅक नावाचं प्रारूप मांडलं. आपल्या हवेत वावरणाऱ्या माणसांना परदेशी मानकांत धरलेल्यापेक्षा जास्त तापमान सुखाचं वाटतं, असं त्यातून दिसलं. झोत थेट अंगावर येणाऱ्या जागा नकाशावर आधीच खूण केलेल्या आहेत, तिथे लॉकर ठेवा. आणि दोन टोकं ठरवून द्या : एक गारवा आवडणाऱ्यांचं, एक शालवाल्यांचं. जागा रोज बदलते आहे, तर तिचा हा फायदा घ्यायलाच हवा.

उजेडाचं थोडक्यात. टेबलाच्या पृष्ठावर ५०० लक्सच्या (उजेडाचं माप) आसपास, दिव्याचा रंग ४,००० केल्विन, म्हणजे फार पिवळाही नाही आणि फार निळसरही नाही, दिवा थेट डोळ्यांत न येणारा. टेबल खिडकीला काटकोनात, म्हणजे ऊन ना पाठीमागून स्क्रीनवर पडतं ना समोरून डोळ्यांवर.

हेल्मेट, रेनकोट, डबा

हा भाग परदेशी कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, पण पुण्यातला कर्मचारी दुचाकीवरून येतो. स्वतःचा खण गेल्यावर त्याचं हेल्मेट, जर्किन, रेनकोट, डबा, पाण्याची बाटली आणि संध्याकाळची भाजीची पिशवी हे सगळं टेबलावर नाहीतर पायाशी येतं. लॉकरचा एक कप्पा निदान ४० सेंमी रुंद, ४० उंच आणि ४५ खोल हवा, म्हणजे हेल्मेट आणि लॅपटॉपची बॅग दोन्ही मावतात. जागांची संख्या हजेरीवरून ठरली तरी लॉकर मात्र ६० च्या ६० जणांना कायमचा, स्वतःच्या नावाचा द्या. या ऑफिसात तेवढी एकच जागा माणसाची स्वतःची उरते. तिथे तो उशी, चप्पल, शाल ठेवतो आणि खंडेनवमीला फूलही वाहतो. दाराला वाऱ्यासाठी झडपा ठेवा, नाहीतर जुलैमध्ये आत बुरशीचा वास कोंडतो.

ओले रेनकोट लॉकरमध्ये जाऊ नयेत. दाराजवळ, टाइल्सच्या भागात, खाली निचऱ्याची पन्हळ असलेला टांगायचा दांडा आणि वर एक पंखा एवढं पुरेसं आहे. ओल्या बुटांसाठी खालची जाळी. जून ते सप्टेंबर चार महिने त्याचा रोज उपयोग होतो.

डब्यासाठी जागा काढताना हात आखडू नका. गर्दीच्या दिवशी ४७ पैकी तीस-पस्तीस जण डबा आणतात आणि सगळ्यांना एक ते दीडच्या मध्ये गरम करायचा असतो. एका मायक्रोवेव्हपुढे अर्धा तास रांग लागते. तीन ठेवा, आणि तिन्ही एकाच सर्किटवर लावू नका. जेवायला लांब टेबल हवं. चार-चारच्या सुट्या टेबलांवर नवा आलेला माणूस एकटा पडतो. लांब टेबलाच्या कडेला जाऊन बसणं सोपं असतं, आणि मग कुणीतरी वाटीभर आमटी पुढे सरकवतोच. हेच टेबल सकाळ-दुपार दहा जणांची जास्तीची कामाची जागा होतं. हातबेसिनं दोन, खरकट्यासाठी वेगळी बादली, आणि पँट्रीचं दार आपोआप बंद होणारं. तडक्याचा वास कॉलवरच्या माणसापर्यंत जाऊ नये.

याच टप्प्यावर दोन जबाबदाऱ्या कागदावर घ्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. आपली कंपनी ६० जणांची आहे. रोज हजर ३६ असतात म्हणून सूट मिळत नाही. आणि दारं ९० सेंमी मोकळी, एका तरी वळणावर १५० सेंमीचं मोकळं वर्तुळ, म्हणजे व्हीलचेअर फिरते. स्तनपानासाठी किंवा अर्धशिशी उठल्यावर आडवं व्हायला एक लहान खोली ठेवा, आतून कडी असलेली. ती बुकिंगच्या यादीत घालू नका.

वीज, इंटरनेट आणि जागा राखणं

इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या आणि दोन्हींच्या केबल इमारतीत वेगळ्या वाटेने येतात का ते स्वतः बघा. एकाच खोदकामात दोन्ही तुटल्या तर दोन घेण्याला अर्थ नाही. व्हिडिओ कॉलला प्रत्येकी साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. अडचण बहुधा तिथे नसते, वायफायच्या एकाच डब्यावर चाळीस जण लटकलेले असतात तिथे असते. मीटिंगच्या खोल्यांना केबलनेच इंटरनेट द्या. प्रत्येक टेबलावर हाताला लागतील असे दोन सॉकेट, खाली वाकायला लागू नये.

जागा राखण्यासाठी महागडं ॲप लागतंच असं नाही. साठ माणसांना एक सामाईक शीट पुरते. नियम तीनच पुरेत : आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत राखा, साडेअकरापर्यंत आला नाहीत तर जागा सुटली, आणि जाताना टेबल रिकामं. एका टीमच्या जागा एकत्र राखता आल्या पाहिजेत, नाहीतर माणसं ऑफिसला येऊन एकमेकांपासून लांब बसतात आणि तिथून एकमेकांना कॉल लावतात.

एक कोपरा आधी

सगळं ऑफिस एकदम उभारू नका. सहा टेबलं, एक बूथ, दहा लॉकर, एवढा एक कोपरा आधी पूर्ण करा आणि दोन आठवडे वेगवेगळ्या माणसांना तिथे बसवा. पुठ्ठ्याच्या भिंती करून बूथचं माप बघितलं तरी चालतं. इथे सापडलेली चूक एका टेबलापुरती असते, नंतर तीच बेचाळीस टेबलांची होते.

ऑफिस सुरू होऊन तीन महिने झाले की एखाद्या बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटेच फिरा. टेबलांखाली वाका. कुठे पाटाखाली पुस्तक सरकवलं आहे का, कुठल्या खुर्चीवर उशी विसरली आहे, कुठल्या जाळीवर पुठ्ठा चिकटवला आहे, कुठल्या मॉनिटरवर सावलीसाठी कागद लावला आहे, कुठल्या टेबलाची धूळ सांगते की तिथे कुणी बसतच नाही. त्यातलं काहीही काढून टाकू नका आणि कुणाला बोलूही नका. प्रत्येक ठिकाणचा फोटो घ्या, नकाशावर क्रमांक घाला आणि दुसऱ्या दिवशी सुताराला आणि एसीवाल्याला तोच नकाशा द्या.